काशीबाईला कुलपातून बाहेर काढा

आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये एक काशीबाई होती. रबराची. पोटाचं झाकण उघडलं की आत रंगवलेली आतडी, यकृत, मूत्रपिंडं. दंडावर इंजेक्शन टोचायला स्पंजाचा तुकडा. नाव मुलींनीच ठेवलेलं. वर्षातले अकरा महिने ती चादरीखाली, कुलपात. इन्स्पेक्शनचं पत्र आलं की चावीची शोधाशोध व्हायची, काशीबाईला ओल्या फडक्यानं पुसून काढायचं, डोक्याखाली धुतलेली उशी द्यायची आणि वर्गातल्या दोन हुशार मुली तिच्या उशाशी उभ्या करायच्या. कमिटी चहा पिऊन गेली की पुन्हा चादर. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीत, तिचा नंबर होता. तिचं काही मोडलं तर वसुली माझ्या पगारातून, म्हणून कुलूप लावणाऱ्यांत मीही होते. हे आधी कबूल करते आणि मग पुढचं लिहिते.

भिंतीपलीकडे मेडिकल कॉलेज. तिथल्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, काशीबाईची श्रीमंत बहीण राहायची. ती श्वास घ्यायची, तिची नाडी हाताला लागायची, छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोके ऐकू यायचे. तिच्याही खोलीला कुलूपच. मी नर्सिंग स्कूलमध्ये पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिक्षिका, म्हणून बावीस वर्षं काढली. त्या बावीस वर्षांत भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची पोरं एका बाहुलीभोवती उभी राहिली, असं शेवटच्या वर्षापर्यंत एकदाही घडलं नाही. खऱ्या पेशंटभोवती मात्र ती रोज रात्री उभी राहायची, एकमेकांची नावंसुद्धा माहीत नसताना.

माझं म्हणणं तसं साधं आहे. नर्स, डॉक्टर, लॅबवाला, मावशी, मामा, १०८ वरचा डॉक्टर आणि ड्रायव्हर या सगळ्यांनी मिळून आणीबाणीची तालीम केली पाहिजे. आणि ती कुठल्या वातानुकूलित केंद्रात वर्षातून एकदा नको, आपापल्या वॉर्डात, पंधरा-वीस मिनिटांची, वरचेवर हवी. तालीम हा शब्द आपल्याकडे नाटकवाल्यांचा आहे तसाच पैलवानांचाही. पैलवान जोर-बैठका एकटा काढील, पण डाव शिकायला त्याला समोर जोडीदार लागतो. आपण आपल्या नर्सेसकडून आणि डॉक्टरांकडून वर्षानुवर्षं नुसत्या जोर-बैठका काढून घेतो आणि एकदम जत्रेच्या कुस्तीला उतरवतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका रात्री कळलं.

शाळेत येण्याआधी मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या लेबर रूमला अधिपरिचारिका होते. दिवाळीनंतरचे दिवस, ऊसतोडीच्या गाड्या निघालेल्या. रात्री दोनच्या सुमाराला फडावरून एक बाई आली, तिसरं बाळंतपण. घेतानाच मी बीपी बघितलं, १६० वर १००. केस पेपरवर लिहिलं, खाली रेघ मारली. पाऊण तासात बाळ झालं, रडलं, सगळ्यांनी श्वास सोडला. वार पडली आणि मग रक्त सुरू झालं. धार नव्हती, पण थांबेना. ड्यूटीवरचे डॉक्टर चांगले होते, हाताला हुशार, फक्त तीस तास झोपले नव्हते. ते ओरडले, "सिस्टर, मेथर्जिन द्या!"

मेथर्जिननं गर्भाशय आवळतं आणि त्याबरोबर रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून बीपी जास्त असलेल्या बाईला ते द्यायचं नसतं. हे डॉक्टरांना माहीत होतं. मला माहीत होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीलासुद्धा माहीत होतं, तिची परीक्षा नुकतीच झाली होती. मी म्हणाले, "सर, ते... बीपी थोडं..." माझा आवाज माफी मागितल्यासारखा आला. ते म्हणाले, "सिस्टर, आधी द्या!" आणि मी दिलं.

ऑक्सिटोसिन शेजारच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये होतं. ते थंडच ठेवावं लागतं. फ्रिजला कुलूप, चावी इन्चार्ज सिस्टरकडे आणि इन्चार्ज घरी. दुसरी चावी गणपतीच्या फोटोमागे असते हे फक्त मावशींना ठाऊक होतं. मावशींना आम्ही फरशी पुसायला लावलं होतं.

अर्ध्या तासात बाईचं बीपी २१० वर गेलं. "माय, डोस्कं फुटंल माझं," एवढंच ती म्हणत होती. झटका आला नाही, हे तिचं नशीब. सकाळपर्यंत सावरली, पाचव्या दिवशी लेकराला घेऊन परत फडावर गेली. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. फ्रिजची चावी उपलब्ध का नव्हती, याचा खुलासा २४ तासांत करावा. खुलासा केला. माझा आवाज का उपलब्ध नव्हता, हे कुणीच विचारलं नाही. मीही स्वतःला ते बऱ्याच वर्षांनी विचारलं.

त्या खोलीत ज्ञान कमी नव्हतं. औषधंही होती, कुलपात का असेनात. पाच माणसांना पाच गोष्टी माहीत होत्या आणि त्या एकमेकांपर्यंत पोचवायची सवय एकालाही नव्हती. ती सवय लेक्चरनं लागत नाही. मी स्वतः 'संवादकौशल्य' या विषयावर किती लेक्चरं दिली असतील, गणती नाही. मुली सुंदर अक्षरात नोट्स काढायच्या.

आता बाहुलीबद्दल थोडं. सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवर खोटा प्रसंग उभा करून केलेला सराव, म्हटलं की आपल्याकडे परदेशी फॅड म्हणून नाकं मुरडली जातात, निदान स्टाफ रूममध्ये तरी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा एक अख्खा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर उघडण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. पट्ट्या बांधायचा पुतळ्याच्या हातापायांवर. शास्त्र कितीही ऐकलेलं असो, ज्यानं हा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कामाला अयोग्य, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये माडाम द्यु कुद्रे ही सुईण कापडाचं गर्भाशय आणि कापडाचं बाळ घेऊन राजाच्या परवानगीनं गावोगाव फिरली आणि खेड्यातल्या सुइणींना शिकवत राहिली. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेत 'मिसेस चेस' आली. एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती नर्सेससाठी खास करून दिली होती. तोंडातून श्वास देण्याच्या सरावाची जगप्रसिद्ध बाहुली १९६० ची, म्हणजे मिसेस चेसहून जवळजवळ पन्नास वर्षांनी धाकटी. तेव्हा नर्सिंगला बाहुली नवी नाही. तिच्याभोवती डॉक्टरांबरोबर उभं राहणं, हे आपल्याकडे अजून व्हायचं आहे.

त्याचा फायदा होतो का? होतो, पण सरसकट होत नाही, आणि मला यातला 'पण'च जास्त महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात साउथमीड हॉस्पिटल आहे. तिथे २००० सालापासून लेबर वॉर्डातल्या सगळ्यांनी, म्हणजे मिडवाइफ, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, शिकाऊ डॉक्टर यांनी, दरवर्षी आपल्याच हॉस्पिटलात एकत्र तालीम करायची असं ठरलं. आधी आणि नंतरचे आकडे त्यांनी प्रसिद्ध केले. जन्मानंतर पाच मिनिटांनीही मलूल असलेली बाळं दर दहा हजार जन्मांमागे सुमारे ८७ होती, ती सुमारे ४५ वर आली. मेंदूला प्राणवायू कमी पडल्यानं इजा झालेली बाळं निम्मी झाली. खांदा अडकलेल्या प्रसूतींत बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरलं. नवी मशीन नाही, नवं औषध नाही.

इंग्लंडचं उदाहरण आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. मग बेळगावचं घ्या. तिथे 'बाळाला श्वास घ्यायला मदत करा' या पद्धतीचं प्रशिक्षण ५९९ जणांना दिलं गेलं. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले होते, जिल्हा आणि शहरातल्या रुग्णालयांतले होते. साधी, हवा-पाणी भरून वापरायची बाहुली आणि हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग. पहिल्या मिनिटाच्या आत बाळानं श्वास घेतला पाहिजे, नाहीतर बॅगनं द्यायला सुरुवात झालीच पाहिजे, एवढा एकच हट्ट. २०१३ साली निकाल छापून आले. मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ वर आलं होतं. म्हणजे आधी ज्यांना मेलेलं समजून बाजूला ठेवलं जायचं त्यांतली काही लेकरं जिवंत होती. पण २८ दिवसांपर्यंतच्या नवजात मृत्यूंचा आकडा मात्र हलला नाही. वाचलेलं लेकरू पुढे सांभाळायला एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, लागतो, ऊब लागते, आईचं दूध लागतं, ते बाहुली देत नाही.

तिसरं उदाहरण टांझानियातल्या हायडोम या खेड्यातल्या मिशन हॉस्पिटलचं. तिथे आधी एका दिवसाचा कोर्स झाला. बाहुलीवर सगळ्यांचे हात सुधारले. खऱ्या लेबर रूममध्ये काहीच बदललं नाही. मग त्यांनी बाहुली लेबर रूमच्या दाराशी आणून ठेवली आणि येता-जाता, काही मिनिटांचा, पण वरचेवर सराव सुरू केला. तेव्हा कुठे पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू घटले.

ही गोष्ट मी आमच्याकडच्या एका वरिष्ठांना सांगितली होती. ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे सर्टिफिकेट एक दिवसाच्या कोर्सलाच मिळतं." त्यांनी ते विनोदानं म्हटलं की गांभीर्यानं, मला आजही सांगता येणार नाही.

सरकारनं काहीच केलेलं नाही असं मी म्हणत नाही. बाळंतपण आणि नवजात बाळाच्या सेवेचे केंद्राचे कार्यक्रम आहेत: नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ चा, दक्षता २०१५ चा, लक्ष्य २०१७ चा. नर्सिंग कौन्सिलनं २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली. गुरुग्रामला नर्सिंगसाठी राष्ट्रीय पातळीचं सिम्युलेशन केंद्र आहे. मेडिकल कॉलेजला स्किल लॅब सक्तीची झाली. वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात तर लिहून ठेवलंय की पदवी घेणारा डॉक्टर हा आरोग्यसेवेच्या गटाचा 'नेता आणि सदस्य' झाला पाहिजे. नेता व्हायला आमची पोरं पहिल्या वर्षापासूनच शिकतात. सदस्य कधी व्हायचं? गटातले बाकीचे तर भिंतीपलीकडे, दुसऱ्या स्किल लॅबमध्ये.

गंमत म्हणजे एमबीबीएस आणि बी.एस्सी. नर्सिंग दोन्हीच्या परीक्षा घेणारं विद्यापीठ एकच आहे, नाशिकचं. एकाच विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, एकाच आवारात, एकाच कॅन्टीनचा वडापाव खाऊन चार-पाच वर्षं काढतात आणि पहिल्यांदा भेटतात ते रात्रीच्या ड्यूटीला, कुणाचा तरी श्वास बंद पडल्यावर.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर हे सगळं आत्ताच बोलण्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी मेडिकल कॉलेज १९५६ पासूनचं, अंबाजोगाईचं 'स्वाराती' सत्तरच्या दशकातलं, मग नांदेड, मग लातूर. त्यानंतर धाराशिव, परभणी, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना व हिंगोली. आठही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नव्या कॉलेजांत स्किल लॅब नव्यानं उभ्या राहणार, निविदा निघणार, लाखालाखांच्या बाहुल्या येणार. अशा वेळी त्या लॅबचं दार कुठल्या बाजूला काढायचं, हे ठरवता येतं. मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर काढलं तर नर्सिंगची पोरगी तिथे पाहुणी म्हणून जाईल, तेही परवानगीचा अर्ज घेऊन. दोघांच्या मधोमध, शक्यतो कॅज्युअल्टीजवळ काढलं तर १०८ चा ड्रायव्हरसुद्धा गाडी लावून आत येईल. त्याला मी मुद्दाम दोनदा मोजलंय. किनवटहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या वाटेत गाडी कुठे थांबवता येईल, कुठल्या घाटात खड्डे आहेत, ऑक्सिजनचा सिलिंडर कधी बदलावा लागेल, हे त्याच्याइतकं कुणालाही माहीत नसतं. त्याला आजवर कुठल्या प्रशिक्षणाला खुर्ची दिली?

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात खरा असा की आधी जागा भरा, मग तालमी करा. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती, तेव्हा चर्चा औषधांची झाली, रिकाम्या पदांची झाली, आणि एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिल्याची तर फारच झाली. औषधं आणि माणसं यांच्या जागी प्रशिक्षण चालत नाही. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच सिस्टर असेल तर तिला संघभावना शिकवणं ही थट्टा आहे. पण या आक्षेपाचा मला राग येतो तो वेगळ्या कारणानं. 'आधी जागा भरा' असं म्हणणारे साहेब जागाही भरत नाहीत. आणि माणसं कमी असतात तेव्हा तर कुणी कुठे उभं राहायचं हे आधी ठरलेलं असणं जास्तच गरजेचं. लग्नात वाढपी दहा असले तर गोंधळ खपून जातो. तीनच असले तर पंगत कुणी कुठून धरायची हे ठरवल्याशिवाय भात येत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. वेळ नाही. तर वेळ सांगते. नर्सेसच्या ड्यूट्या आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्रीची. दुपारी दोनला सकाळची सिस्टर ओव्हर देते आणि दुपारची घेते. तेवढा अर्धा-पाऊण तास वॉर्डात दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर असतात. ओपीडी आवरलेली असते, इंटर्न जेवायला निघालेले असतात. आठवड्यातून एक दिवस ते जेवण वीस मिनिटं उशिरा झालं तर काही बिघडत नाही. इंटर्नशिपमध्ये उपाशी राहायची सवय त्यांना आम्हीच लावलेली आहे.

तिसरी भीती मला स्वतःला वाटते. अमेरिकेत २०१४ साली एक मोठा अभ्यास झाला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशननं भरून काढले तरी त्यांची तयारी कमी पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष आपल्याकडे कुणाच्या हाती पडेल ते मला दिसतं. तालुक्या-तालुक्यात दोन मजली इमारतीत नर्सिंग कॉलेजं निघाली आहेत. त्यांतल्या काहींचं पॅरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल, कागदावर शंभर खाटांचं आणि प्रत्यक्षात गेलं तर पलंगावर गाद्याही नाहीत. ते उद्या म्हणतील, पेशंट कशाला, बाहुली आहे ना! तिकडचा अभ्यास चांगल्या सोयी, शिकवलेले शिक्षक, मोजके विद्यार्थी असलेल्या ठिकाणचा आहे. आपल्याकडे पेशंटांची टंचाई कधीच नव्हती. इथे बाहुली पेशंटच्या ऐवजी नको, पेशंटच्या आधी हवी. हे नियमात ठळक लिहून ठेवलं नाही तर सिम्युलेशन हे न शिकवण्याचं नवं साधन होईल.

आणि मेमो. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या नगर जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. त्यानंतर अटक झालेल्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. मी फक्त मराठवाड्यातल्या वॉर्डा-वॉर्डात त्या आठवड्यात काय बोललं जात होतं ते सांगते: "बाई, काही झालं की पहिला हात आपल्यालाच." ज्या घरात चुकीला मेमोच मिळतो तिथे चूक सांगायची नाही, हे शहाणपण लवकर येतं. एकत्र तालमीतला महत्त्वाचा भाग बाहुलीवरचा नसतोच. तो नंतरचा असतो, गोल बसून काय घडलं ते बोलायचा. तिथे बोललेलं कुणाच्या सेवापुस्तकात जाता कामा नये. तालमीचं रजिस्टर करा असा आदेश निघाला तर समजा संपलं. महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं चार तालमी भरलेल्या दिसतील.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही एक तालीम केली. परवानगी तोंडी, खर्च शून्य. भूलशास्त्राच्या एक तरुण मॅडम होत्या, त्यांनाच ही खाज. लेबर रूममध्ये दुपारी दोनला काशीबाईला आणलं, पहिल्यांदाच कंपाउंड ओलांडून, स्ट्रेचरवर. बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी हात जोडले. मेसमधून बीट उकळलेलं पाणी आणलं, सलाईनच्या बाटलीत भरलं आणि नळी काशीबाईच्या खालून काढली. दोन इंटर्न, दोन सिस्टर, एक विद्यार्थिनी, मावशी. सांगितलं एवढंच: बाळंतीण, रक्त जातंय, चालू करा.

मॅडमनी घड्याळ लावलं. पहिला इंटर्न म्हणाला, "कुणीतरी बीपी घ्या." कुणीतरी नावाचं माणूस त्या खोलीत नव्हतं, त्यामुळे बीपी कुणीच घेतलं नाही. दोघी सिस्टर एकदम ऑक्सिटोसिन आणायला पळाल्या, त्यामुळे काशीबाईजवळ उरली विद्यार्थिनी आणि तिला सलाईनची सुई सापडेना. रक्तपेढीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलेला होता. लावला तर तो कुठल्याशा ऑफिसात लागला, नंबर बदलून बराच काळ झाला होता. सहा मिनिटं गेली. बीटाचं पाणी बादलीभर. मावशी भिंतीला टेकून बघत होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "नंबर बदललाय ते मला म्हाईत हुतं की. मीच जाते न्हवं रोज बाटल्या आणायला."

मग बसलो. इंटर्न म्हणाला, "मॅडम, मला वाटलं सिस्टरना माहीत असेल." सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला वाटलं डॉक्टर सांगतील." अर्धा तास बोललो. ठरलं असं की काम सांगताना नाव घ्यायचं, 'कुणीतरी' म्हणायचं नाही. ऐकणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं आणि झाल्यावर झालं म्हणून सांगायचं. एक जण पेशंटच्या उशाशी, तो हलणार नाही. आणि रात्री वरिष्ठांना फोन करायचा तो कसा, याचीही तालीम केली. आमच्या मुली फोन करतात तो असा: "हॅलो सर, झोपला होता का सर? सॉरी सर, ते बेड नंबर चारची पेशंट जरा बरी वाटत नाहीये." सर म्हणतात, "बघा जरा," आणि कूस बदलतात. आम्ही तोच फोन असा करून बघितला: "सर, लेबर रूममधून बोलतेय. चार नंबरची, बाळंत होऊन वीस मिनिटं झाली. अंदाजे आठशे मिली रक्त गेलंय, नाडी १३०. पीपीएच वाटतंय. ऑक्सिटोसिन चालू आहे. तुम्ही आत्ता यायला हवं." पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. चार टप्प्यांची ही रीत मुळात अमेरिकी अणुपाणबुड्यांवरची आहे, तिथून ती दवाखान्यात आली. आमच्या मुलींना पाणबुडीचं फार कौतुक वाटलं. शेवटचं वाक्य मात्र जमेना. "तुम्ही आत्ता यायला हवं" म्हणताना दोघींना हसू आलं, एकीचा आवाजच फुटेना. सरांना असं कसं म्हणायचं?

पुढच्या आठवड्यात मी त्या मॅडमच्या कानात सांगितलं आणि आम्ही डाव टाकला. केस पेपरवर बीपी १७० वर ११० लिहिलं आणि तालमीच्या मध्यावर मॅडमनी घाईत ओरडून मेथर्जिन मागितलं. पहिल्या दिवशी सिस्टरनं दिलं. दुसऱ्या गटात सिस्टर घुटमळल्या, इंटर्नकडे बघितलं, दिलं. तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, गंगाखेडकडची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिनं अँप्युल हातात घेतलं, केस पेपर बघितला आणि म्हणाली, "मॅडम, थांबा. बीपी १७० आहे. मेथर्जिन नको."

खोली गप्प. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. धन्यवाद. ऑक्सिटोसिन द्या." तालीम पुढे चालू राहिली. पोरीचे हात मात्र संपेपर्यंत थरथरत होते. नंतर तिनं मला विचारलं, "मॅडम, खऱ्या ड्यूटीला म्हटलं तर चालेल का?" मी चालेल म्हणाले. ते खरं आहे की नाही, ते तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरवर अवलंबून होतं, आणि तो डॉक्टर तालमीला आलेला नव्हता.

म्हणून म्हणते, एकट्या नर्सेसना शिकवून भागणार नाही. बोलायला शिकलेली नर्स आणि ऐकायला न शिकलेला डॉक्टर, यातून फक्त आणखी एक मेमो निघतो. इंटर्नच्या वहीत जशा प्रसूतींच्या नोंदी लागतात तशा नर्सिंगच्या मुलींबरोबर केलेल्या आठ-दहा तालमींच्या लागल्या पाहिजेत, त्याशिवाय इंटर्नशिपचं प्रमाणपत्र नाही. हे विद्यापीठाला एका परिपत्रकात करता येतं. नोंदणी टिकवायला लागणारे मेडिकल कौन्सिल आणि नर्सिंग कौन्सिल यांचे क्रेडिट पॉइंट वेगवेगळे आहेत. एकाच तालमीचे दोघांनाही मिळाले पाहिजेत. मावशी-मामांना पॉइंट नकोत, त्या वीस मिनिटांत त्यांना फरशी पुसायला न सांगणं पुरे. आणि त्या लाखांच्या बाहुल्यांची चावी इन्चार्ज, इंटर्न आणि चौकीदार अशा तिघांकडे ठेवा. मोडली तर मोडली. डेडस्टॉकमधून 'वापरून मोडली' असा शेरा मारून वस्तू काढता येते, नियमात तशी सोय आहे. बावीस वर्षांत मी एकदाही वापरली नाही.

ती गंगाखेडची मुलगी आता एका ग्रामीण रुग्णालयात आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. टॉवेल गुंडाळून बाळ करते, गुरुवारी दोनला तालीम घेते, दोघी सिस्टर आणि मावशी येतात. आधीचे डॉक्टर यायचे, त्यांची बदली झाली. नवे म्हणतात, हे कौन्सिलनं सांगितलंय का, लेखी आहे का? मी तिला म्हटलं, त्यांना येऊ नको म्हणावं. तू तालीम चालू ठेव आणि मध्यावर त्यांना फोन लाव, खरा लावतात तसा, चार टप्प्यांचा. तालीम आहे हे पहिल्यांदाच सांग, पण शेवटचं वाक्य गाळू नकोस. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चिडले तर?" या गुरुवारी ती फोन लावणार आहे.